२७४ नंबरची पट्टी

३ फेब्रु. ६८, धुळे
दुकानात दिवसभर भांड्यांवर नावं घातली. सतरा ताटं, एकाच नवरीची. शेठ जेवायला गेले तसं एका ताटावर तिच्या नावापुढं 'रागीट' ठोकलं. मग मलाच घासून काढावं लागलं.

समोरचे नाना येऊन बसले. लढाईत ब्रह्मदेशाकडं विमानांचे फिटर होते म्हणे. हातांखालून गेलेल्या बारा विमानांची वही केलीय. नंबर, कुठं लढलं, कुठं मोडलं. जुन्या सोबत्यांना पत्रं लिहून लिहून जमवलंय. "बठ्ठा सापडनात, येकच नही." बाकी सगळी सापडली, राहिलं एकच, नं. २७४.
मला तर सगळ्या थापा वाटतात. तंबूत भाकऱ्या भाजत असतील. बघतोच.

५ फेब्रु.
शेठबरोबर जळगावला. भंगारातून ॲल्युमिनियमची पट्टी उचलली. रात्री छिन्नीनं टिंब टिंब करून इंग्रजीत 274. सातला शेपटी आलीच. नेहमी येते, शेठ बोंबलतात. राख-तेल चोळून जुनी केली.

६ फेब्रु.
नानांना पट्टी दिली. हसायच्या तयारीत होतो.
"कोठे सापडनी रे तुले?"
"जळगावला. भंगारात."
पायरीवर बसलेच. मग सांगितलं. त्या सकाळी २७४ च्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण त्यांनीच लावलं. नीट आवळलं का, ते आठवत नाही. विमान गेलं, आलंच नाही. ते चालवणारा साहेब बावीस वर्षांचा पोरगा. तेव्हापासून हेच डोक्यात.
"भंगारम्हा उनं म्हंजे पडनं नही रे. कोठे तरी उतरनं व्हई."
हसू आलं नाही.

९ फेब्रु.
नाना गुळगुळीत दाढी करून फिरतायत. मला चहा पाजला! कुणाला सुपारी न देणारा माणूस.
काहीतरी शिजतंय. विमानाचे नंबर ठशानं उठवतात, हे मागं त्यांनीच सांगितलेलं. टिंबं ताटाला घालतात, विमानाला नाही. खरा फिटर असेल तर पहिल्या नजरेत कळायला पाहिजे. मग गप्प का?
दोनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा घरात नानांच्या बायको अक्का होत्या. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं.

१२ फेब्रु.
नानांनी घरी बोलावलं. साहेबांची बहीण पुण्यात असते, अजून पत्र टाकून विचारते. तिला लिहिलंय म्हणे, विमान उतरलं होतं. पाकीट डकवलेलं.
"तूच टाक पेटीम्हा. पट्टी तूच आनी ना."
खिशात घातलं. म्हटलं, "नाना, ती पट्टी..."
"पानी पे आधी."
तांब्या पुढं केला. गेल्या वर्षी मीच नाव घातलेला. नावाखाली 1967. शेपटीवाला सात बरोबर माझ्या तोंडासमोर. त्यांनी तसा फिरवून धरला, का तसाच आला?
सगळं पाणी प्यायलो. पाकीट घेऊन घरी आलो.

१३ फेब्रु.
पाकीट खिशातच. टपालपेटी नानांच्या दारासमोर. सकाळपासून ओट्यावर बसलेत, वही मांडीवर, नजर पेटीवर. मी पाकीट टाकतो का ते बघतायत, का न टाकता खरं सांगतो ते...