अठरा गुणांची भेट

प्रिय कलिरोई ताई,

तुझ्या धाकट्या, म्हणजे एक्केचाळीस वर्षांच्या भावाचे अदबीने नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? श्टुटगार्टच्या त्या डॉक्टरने पोहायला सांगितलंय, ते तू करत नसशील हे मला इथे व्होलोसमध्ये बसून कळतं. आम्ही सगळे मजेत. एलपिदाने लिंबाची कुंडी बदलली, तिच्या आईचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा गुडघा शाबूत आहे, आणि लेक मिर्सिनी दोन बोटं उंच झाली आहे.

तू फोनवर म्हणाली होतीस, की पार्सल वेळेत पोचणार नाही, तेव्हा यंदा माझ्या वतीने, म्हणजे मिर्सिनीच्या धर्ममातेच्या वतीने, ईस्टरची मेणबत्ती आणि तिला बांधायची भेट तूच घे, पोरीला व्हिडिओ गेम हवाय. मी शाळा सुटल्यावर थेट बंदरावरच्या दुकानात गेलो. तिथे प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यात ठळक आकडा. तीन, सात, बारा, सोळा. आता तूच सांग, वीसपैकी गुण देण्यात ज्याची सतरा वर्षं गेली, त्या गणिताच्या मास्तरला दुसरं काय वाटणार? तीन आणि सात तर सरळ नापास. (ते लोक असले खेळ विकायला ठेवतातच कसे, याचं मला नवल वाटलं.) बारा म्हणजे काठावरून जरा आत. माझ्या बहिणीच्या नावाने काठावरचा माल द्यायचा? शेवटी अठरावालं सापडलं. मी विचारलं, वीसवालं नाही का? दुकानदार म्हणाला, "मास्तर, अठराच्या वर नसतंच काही." गुण देणारे माझ्यासारखेच हाताचे घट्ट आहेत, हे पाहून मला तर बरंच वाटलं. (हा दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्याला मी नऊ देऊन नापास केलं होतं. माझा घोळ त्याच्या तेव्हाच लक्षात आला होता, हे मला मागाहून कळलं.)

ईस्टरच्या दिवशी भाजलेलं कोकरू कापून झालं, लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडून झाली, आणि मिर्सिनीने सगळ्यांसमोर भेट उघडली. पोरीने खोक्याचा कोपरा न्याहाळला. मग हळूच म्हणाली, "बाबा, हे अठराचं आहे." मी म्हणालो, "म्हणून तर!" सासूबाईंनी चष्मा चढवून खोकं उलटं केलं. मागे एक माणूस, त्याच्या हातात कुऱ्हाड, आणि कुऱ्हाडीवर काय होतं ते जेवणाच्या वेळी बोलू नये. "अकरा वर्षांच्या लेकराला हे? कुणाची ही अक्कल?" सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं, आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं, "ताईने निवडलंय."

मिर्सिनीने फक्त माझ्याकडे पाहिलं. कागदात गुंडाळलेलं ते खोकं बुधवारीच माझ्या शाळेच्या पिशवीत तिने पाहिलं होतं. जेवण झाल्यावर तिने मला शांतपणे समजावलं, की तो आकडा वयाचा असतो, खेळ चांगला की वाईट, सोपा की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही. मागची चित्रं कारण सांगतात. मूठ म्हणजे मारामारी, कोळी म्हणजे भीती. (तिच्या शाळेत गुण दहापैकी, त्यामुळे अठरा हे गुण असतील हे तिच्या डोक्यातसुद्धा येईना.) खोक्याचं सील तिने फोडलंच नव्हतं. आम्ही ते बदलून सातवालं आणलं, मेंढ्या नावेतून पलीकडे न्यायचा खेळ. फार गोड आहे. संध्याकाळी आम्ही दोघं खेळतो, माझ्या मेंढ्या रोज बुडतात. सुख म्हणावं ते हेच, फक्त मेंढ्या बुडाल्या की पूर्वी ती खो खो हसली असती, आता "असू दे, बाबा" म्हणते. मला ते सोसत नाही.

एलपिदाचा आणि मिर्सिनीचा नमस्कार. पोहायला जा.

तुझा,
स्ट्रातोस

ता. क. : खरं काम राहिलंच. सासूबाई तुला फोन करून जाब विचारणार आहेत. "असली धर्ममाता!" असं त्या चर्चच्या पायरीवरही म्हणाल्या. तेव्हा ताई, तेवढं आपल्या अंगावर घे. तू लांब आहेस, मला मात्र दर रविवारी त्यांच्याकडेच जेवायचं असतं.

ता. क. २ : वरचं काही करू नकोस. पत्र मिर्सिनीने वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी सासूबाईंना सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. श्टुटगार्टच्या भेटीला आपल्या बंदरावरच्या दुकानाचा कागद कसा?" म्हणजे गेले दहा दिवस बाई मजा बघत होत्या! त्या दिवसांत मी लाजेपोटी त्यांच्या बाल्कनीची जाळीसुद्धा बसवून दिली. पण ताई, फोन ठेवला आणि पोरगी अशी हसली की खाली बसावं लागलं तिला.

ता. क. ३ : तरी सासूबाईंचा फोन आलाच, तर तुला यातलं काहीच माहीत नाही असं दाखव. ही गोष्ट पहिल्यांदा सांगायचा आनंद त्यांना मिळू दे. (हे वाक्य खोडायला मिर्सिनीने सांगितलंय. खोडलंय असं समज.)