उंबरठ्यावरचं गोड पाणी

६ मे

पोहोचले एकदाची झाशीला! सुमेध स्टेशनवर घ्यायला आला होता, सोबत सूनबाई शिल्पा आणि सात वर्षांची मनस्वी. माझी ट्रंक उचलताना लेकाचा चेहरा असा झाला की जणू मी आत तोफ भरून आणली आहे. तोफ नाही रे, चौल आहे, म्हटलं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आता आमच्या चौल बंदराचा इतिहास लिहून हातावेगळा करायचा. सुमेधच्या कंपनीची कॉलनी शांत आहे, मागच्या खोलीत टेबलही लावून ठेवलंय त्याने.

शिल्पा इथल्याच जुन्या मराठी घराण्यातली. "आई जी, तुम्ही आराम करा, खाना मी लावते," म्हणाली. हसूही आलं आणि बरंही वाटलं. मनस्वीला एकच प्रश्न, समंदर इथल्या लक्ष्मी तालपेक्षा, म्हणजे तळ्यापेक्षा, मोठा असतो का. तिला सांगितलं, तुझा ताल आमच्या समुद्राला चूळ भरायलाही पुरायचा नाही. पोरगी रुसली. तिला आणलेल्या खोबऱ्याच्या वड्या दिल्यावर रुसवा गेला.

ऊन मात्र असं की अंगणात माणसाचा पापड भाजून निघेल.

९ मे

आज कूलरसमोर बसून पहिलं प्रकरण लिहायला घेतलं. लेण्यांना दान देणारे चेमुलचे, म्हणजे जुन्या चौलचे व्यापारी, मद्याचे कुंभ उतरवणारे ग्रीक-रोमन यवन, गावाला सैमूर म्हणणारे अरब, शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल तेली, हबशी खलाशी, मागाहून पोर्तुगीज. किती भाषा एका बाजारात! भांडलेही असतील, पण सगळ्यांनी एकाच खाडीचं मीठ खाल्लं, आणि बुडाले तेही त्याच पाण्यात. राजांची नावं मिळतात, बुडालेल्यांची मिळत नाहीत.

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. आमचे हेही त्यांच्यातलेच. गेल्या वर्षी जुन्या धक्क्याचे दगड बघायला म्हणून होडीतून गेले. होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागली. हे आले नाहीत, यांचं शरीरही आलं नाही. श्यामसुंदर हे नाव आता फक्त माझ्याच तोंडी उरलंय. फार आठवण येते.

१२ मे

आमच्या आळीत एक रीत आहे. ज्याचं शरीर सापडलं नाही, त्याच्यासाठी तिन्हीसांजेला उंबरठ्यावर वाटीभर गोडं पाणी ठेवायचं. बुडणारा माणूस तहानलेलाच जातो. चहूकडे पाणी आणि घोट घेता येत नाही. मात्र ठेवताना त्याचं नाव घ्यायचं. सासूबाई बजावायच्या, नाव घेतलं की पाणी त्याच्यापुरतं, बिननावाचं ठेवलं तर त्याला अंत नाही.

वर्षभर मी नेमाने यांच्या नावाने ठेवते आहे. आज नाव घेतलं आणि दिवसभर ज्यांच्याविषयी लिहीत होते ते सगळे डोळ्यांपुढे आले. त्यांना कोण पाणी देणार? राहवलं नाही. म्हणून टाकलं, चौलच्या पाण्यात जो कुणी तहानलेला गेला असेल त्याने प्यावं. सासूबाई असत्या तर त्यांनी माझं तोंड धरलं असतं. पण समुद्र कुठे आणि झाशी कुठे! सुमेध म्हणाला, इथे वाटी सुकायला भूत लागत नाही, लूचा गरम वारा पुरतो.

१५ मे

वाटी दिवेलागणीलाच कोरडी होते. तळाला पांढरा थर. जिभेला लावून पाहिली, मीठ.

आज दाराआड उभी राहिले. पायरीवर एक माणूस आला. या रणरणत्या गावात नखशिखांत ओला. काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही. मग त्याने ओंजळ तोंडाशी नेली. मी वाटी पुन्हा भरली. तो प्यायला आणि रडला.

भ्यायला हवं होतं. भ्याले नाही. उलट ऊर भरून आला. पुस्तकांत ज्याला नाव मिळालं नाही तो माझ्या दारात पाणी प्याला. आणि हा येऊ शकतो, तर हेही येतील.

१८ मे

आता वाटी पुरत नाही, बादली ठेवते. बाया आहेत, एक तर कडेवर मूल घेऊन. प्रत्येकाला यांच्याविषयी विचारते. कुणाला माझी भाषा कळत नाही. फाटकाबाहेर कॉलनीच्या रस्त्यावर लांबपर्यंत उभे असतात. सुमेधला, शिल्पाला दिसत नाहीत.

घरातलं पाणी खारट झालंय. माठातलं, टाकीतलं, सगळं. टँकरवाल्याने शपथ घेतली, "माताजी, पानी मीठा है, चखकर भरा है." आमच्या नळातून येईतो खारं. विकतच्या बाटल्यांचंही तेच. मनस्वी सारखं पाणी मागते. ओठ फुटलेत तिचे.

२० मे

शिल्पा तिला माहेरी घेऊन गेली. संध्याकाळी तिथलाही माठ खारट झाला, मग दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात मीठ फार वाढलंय, आणि हसत विचारलं की मुलीला समुद्रावर नेलं होतं का. शिल्पाही हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. मला सगळं कळत होतं. घरी येऊन पुन्हा बादली भरली मी.

यावर उपायही सासूबाईंनीच सांगितलेला आहे. उंबरठ्यावर उभं राहून तोंडावर सांगायचं, या घरातलं पाणी संपलं. मग कुणी येत नाही. कुणीच नाही, आपलं माणूससुद्धा, कधीही. आणि सांगितल्यावर पाणी घेऊन त्यांच्यामागे जायचं नाही, गेलेलं माणूस परतत नाही.

हे अजून आले नाहीत.

२१ मे

सलाईन लावून मनस्वीला घरी आणलं. पुन्हा तेच. "आजी, प्यास लगी." जीभ पांढरी—

रांग संपत नाही. पाणी देते, चेहरे बघते. आज सांगायला हवं होतं. उद्या. उद्या नक्की. फक्त उद्याचा दिवस यांची वाट—

माझी नात आहे ती. मी काय करते आहे?

२२ मे

मनस्वी डोळे उघडत नाही. सुमेध गाडी काढायला धावला. मी उंबरठ्यावर गेले, सांगायलाच गेले—

पुढे हे उभे होते.

तोच चष्मा, एक काच गेलेली. ओळखलं मला. कधी पाणी मागायचे नाहीत हे, स्वतः उठून घ्यायचे. आज ओंजळ पुढे केली—

सांगितलं. यांच्या तोंडावर सांगितलं, या घरातलं पाणी संपलं. यांनी ऐकून घेतलं. मान हलवली, नेहमी हलवायचे तशीच, आणि वळले. मागची सगळी रांग वळली.

आत मनस्वीने पाणी मागितलं. शिल्पाने चमचा लावला. प्यायली! मीठा है, म्हणाली. सुमेध लहान मुलासारखा रडतोय.

खिडकीतून दिसतंय. बाकीचे गेले. हे फाटकाबाहेर थांबलेत. ओंजळ तशीच आहे—

घरातलं पाणी संपलं असं म्हणाले मी. घरातलं. उंबरठ्यावर आता काही द्यायचं नाही, पण रस्त्यावर जाऊन एक घोट— तांब्या भरला आहे— लगेच येते, मनस्वीला सांगा की आजी फक्त फाटकापर्यं