सरकत्या काचेची खाच

।। श्री गजानन प्रसन्न ।।
आर्णी, मार्गशीर्ष वद्य एकादशी, २००६

चि. चंद्रशेखर यास ताईचे आशीर्वाद.

मिळालं ते असं : लोखंडी टेबलात बसवलेली विजेची करवत एक, पात्यावरचं झाकण एक, माहितीचा कागद एक. हमालाचे पंधरा मी दिले, बाकी खर्च तुझा म्हणे. एवढं धूड उचलून तुझी कंबर कशी आहे? (जन्मात तू बहिणीला फुकट काही पाठवलं नाहीस, त्यामुळे पहिली शंका तिथंच आली.)

यंदा भाव नाही म्हणून बैठकीत छतापर्यंत कापूस पडून आहे. त्यात उंदीर झाले, ते देवापुढची तुपाची वात पळवतात. तेव्हा देवघराला सरकती काच लावायचं तुझ्या भाऊजींच्या मनात आलं, आणि काच सरकायला लाकडात चार खाचा हव्यात. उकंडा सुतार एका खाचेचे पन्नास मागतो, म्हणून यांनी तुला फोन केला. पुढचं तुला ठाऊकच आहे.

कागदात लिहिलंय, पातं पाव इंचच वर ठेवावं, फळी हाताने न ढकलता ठोकळ्याने ढकलावी. चित्रातल्या माणसाची बोटं मी मोजली. दहा भरली (पण चित्रात वाढवायला काय लागतं). झाकण खाचेला आड येतं म्हणून यांनी आधीच काढलेलं. मी यांना कापसापासून लांब, अंगणात बसवलं, गळ्यातला दुपट्टा काढून घेतला, ठोकळा हातात दिला. दुसऱ्या खाचेला तो ठोकळा यांच्या बुडाखाली सापडला.

पहिल्या दोन खाचा झाल्या आणि लाइन गेली. हे बोटाने पात्यातला भुसा काढायला लागले. मी प्लग उपसला.

"लाइनच नाई तं प्लग कायले काढतं वं?"

"लाइनचा मले भरवसा नाई."

"तुले देवाशिवाय कोनाचाच नाई."

तेवढ्यात घरातला रेडिओ बोलायला लागला. यांचं बोट पात्यावरच होतं आणि करवतीचं बटन चालू. हे किती तरी वेळ त्या बोटाकडे पाहत बसले. चहाही डाव्या हाताने घेतला.

तेव्हा ही वस्तू मला घरात नको. येऊन घेऊन जा.

तुझी,
रत्नप्रभाताई

ता.क. : हे वावरात गेल्यावर उरलेल्या दोन खाचा मी पाडल्या. पदर खोचला, बांगड्या वर सारून बांधल्या, फळी मोडक्या लाटण्याने ढकलली, भुसा प्लग काढूनच झाडला. यांना वाटतं उकंडा येऊन गेला. मी नाही म्हटलं नाही, शंभर मात्र मागून घेतले.

ता.क. २ : मशीन न्यायला येऊ नकोस. यांना वेगळ्या पत्रात एवढंच लिही की पातं सदोष निघालं, मी येईपर्यंत हात लावू नका. (खोटं तू लिहायचं, मला एकादशी आहे.) शेजारच्या बिजलीबाईंनाही देव्हाऱ्याला काच हवी आहे. उलट टपाली कळव, आणि फुकट काहून पाठवलंस तेही खरं खरं लिही.