डा, उ आणि सु

माधव नगर, उज्जैन
मंगळवार, पोहे झाल्यावर

तीर्थरूप सुलूताईस,

गोपाळचा साष्टांग नमस्कार. (आत्ताच गाडीखालून निघालो आहे, त्यामुळे साष्टांग आधीच घडलेला होता, वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुझा गुडघा कसा आहे? इंदूरला जिने चढावे लागत नाहीत ना? तुझा आदित्य वेळेवर घरी येतो का? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे सुनंदा ठीक आहे. मी घाबरलेलो आहे, पण ते तू मी पाळण्यात असल्यापासून बघते आहेस, तेव्हा ती काही बातमी नाही.

पत्र अशासाठी, की फोनवर तू हॅलोच्या जागी "चालली का?" विचारतेस, आणि मी "हो, म्हणजे" म्हणेपर्यंत "म्हणजे नाही चालली" म्हणून फोन ठेवून देतेस. पत्र तुला असं मध्येच ठेवता येणार नाही. (ठेवलंस तरी निदान मला कळणार नाही.) शेजारची पल्लवी उद्या इंदूरला येते आहे, तिच्या हाती देतो. तिच्यासमोर वाचू नकोस, मोहल्ल्यात माझी थोडी इज्जत शिल्लक आहे.

तुझा निरोप मिळाला. दसऱ्यापर्यंत भाऊजींची व्हॅन आपल्या चार चाकांवर तुझ्या फाटकाशी आली तर ठेवायची, नाही तर आदित्यने ठरवलेला भंगारवाला येऊन तिचे तुकडे करून नेणार. तीन वर्षं ती माझ्या अंगणात नुसती उभी आहे आणि तुला ते बघवत नाही, हे तुझं म्हणणं मला पटतं. पण ताई, भंगार हा शब्द वाचून माझी पाचावर धारण बसली. ज्या गाडीत भाऊजींनी मिलची नोकरी सांभाळून रविवारी रविवारी दोन बाकं, शेगडी, पाण्याची टाकी आणि तुझ्या जुन्या साडीचे पडदे बसवले, ज्या गाडीतून आपण मांडू पाहिलं, ओंकारेश्वर पाहिलं (मी काही पाहिलं नाही, मी मागे शेगडी धरून डोळे मिटून बसलेलो असायचो), ती गाडी किलोवर द्यायची? आणि दवाखान्यातलं तुला आठवतं ना? भाऊजी मला जवळ बोलावून म्हणाले, "गोपाळ, तिला उभी ठेवू नकोस." तू पलंगाशी उभी होतीस, म्हणून मी धावत जाऊन बाहेरून खुर्ची घेऊन आलो. ते इतके हसले की नर्स आली. मग म्हणाले, अरे, गाडीला. त्यानंतर ते काही हसले नाहीत. म्हणून तुझा निरोप आल्यावर गाडी वाचवायची हे मी ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर घाबरलो.

कारण एकच, वायरिंग. सगळ्या उज्जैनचा समज आहे की गोपाळरावांना विजेतलं कळतं. मी वीज मंडळात एकतीस वर्षं काढली हे खरं, पण आस्थापना विभागात. लोकांच्या रजेचे अर्ज मी मार्गी लावले, एकही तार नाही लावली. घरचा बल्ब सुनंदा बदलते, मी खाली मेन स्विचपाशी पहारा देतो. पण मेकॅनिक मांगीलाल उस्ताद बोनटसुद्धा न उघडता म्हणाला, बाबूजी, ये तो आपका ही डिपार्टमेंट है. यावर नाही कसं म्हणायचं? मी रबरी चपला घालून देवघरातल्या लाकडी पाटावर उभा राहिलो. (पाटाबद्दल सुनंदा जे बोलली ते इथे लिहीत नाही.) बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणे. नसेल बसत. पण हे बॅटरीला माहीत आहे का?

गाडीची लक्षणं ऐक. डावा सिग्नल दिला की पेट्रोलचा काटा नाचायचा. हेडलाइट लावला की टाकी भरलेली दिसायची, आणि बंद केला की रिकामी. ब्रेक दाबला की दोन्हीकडचे सिग्नल मंद मंद पेटायचे आणि डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागायचा. हॉर्न दाबला तर काहीच नाही, न दाबता मात्र एकदा वाजला, तेव्हा मी पाटावरून पडलो. मांगीलालने दोन तास इकडे तिकडे टेस्ट लॅम्प लावून पाहिला आणि कपाळाचा घाम पुसून म्हणाला, "बाबूजी, इसमें अर्थ ही नहीं है." मी गंभीर झालो. म्हटलं, उस्ताद, या वयात मलाही हल्ली असंच वाटतं. मग त्याने दाखवलं तेव्हा कळलं की तो अर्थिंगबद्दल बोलत होता. जिथे तार गाडीच्या पत्र्याला जोडतात तिथे गंज चढला होता, आणि परत जायला वाट नाही म्हणून बिचारा करंट मिळेल त्या दिव्यातून घुसत होता. पॉलिश पेपरने ती जागा घासली, बोल्ट आवळला, की काटा शांत. तेवढ्या एका क्षणी मला भीती वाटली नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पण या खटाटोपात सिग्नलचा खटका तुटला. मांगीलालने नवा आणला आणि डॅशबोर्डखाली शिरला. तिथे भाऊजींचा कारभार! तुझ्या लोणच्याच्या बरण्यांनासुद्धा नावं लावणारा माणूस तो, प्रत्येक तारेला चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेनने अक्षर. एकीवर "डा", एकीवर "उ". मांगीलाल म्हणाला, डा मतलब दायाँ, साहब ने जल्दी में द का ड लिख दिया. और उ मतलब उल्टा हाथ. मी "हाँ जी, बराबर" म्हटलं. ताई, देवाशप्पथ मला त्यात काही खटकलं नाही! उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की माझं डोकं हिंदीत चालतं, आणि मी तर पाटावर होतो, म्हणजे जमिनीवरही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. एकटा. (सुनंदाने येत नाही म्हणून सांगितलं, वर पाट परत मागितला.) फ्रीगंजपर्यंत बरा गेलो, सायकलवाले मला मागे टाकत होते, पण प्रेमाने. टावर चौकात मला डावीकडे वळायचं होतं. मी डावा सिग्नल दिला. मागचे सगळे डावीकडून घुसायला लागले! मी घाबरून सरळ गेलो, टावरला वळसा घातला, पुन्हा डावा सिग्नल, पुन्हा तेच. एक ई-रिक्षावाला तर खिडकीपाशी येऊन "अंकल, मन तो बना लो" म्हणाला. मी खिडकीतून हात काढून दाखवावं म्हटलं, तर हाताचा धक्का लागून वायपर सुरू झाला, लख्ख उन्हात. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि मी फिरतच होतो. पाचव्या फेरीला नारळपाणीवाल्याने हात जोडले आणि विचारलं, "बाबूजी, मन्नत है क्या?" मी म्हटलं, हो, नवसाच्याच फेऱ्या. मग त्यानेच गाड्या थांबवून मला वाट करून दिली. धर्मकार्याला आपल्या गावात कोणी अडवत नाही.

घरी आलो, तर सुनंदा मागे उभी राहिली आणि मी आतून खटके दाबायला लागलो. मी ओरडलो, उजवा! ती म्हणाली, डावा लागलाय. मी म्हटलं, तुझा डावा की माझा डावा? यावर अर्धा तास गेला, त्यात आमच्या लग्नातल्या काही जुन्या गोष्टीही निघाल्या. शेवटी ती आत आली, वाकली आणि चिकटपट्टी वाचली. "डा, डावा. उ, उजवा. अहो, भाऊजी मराठीत लिहिणार की मांगीलालच्या भाषेत? त्याचं दायाँ म्हणजे उजवं, आणि उल्टा हाथ म्हणजे डावा!" ताई, पाचवीपर्यंत तू मला शुद्धलेखन घातलंस, ते सगळं या क्षणी पाण्यात गेलं. मांगीलालला बोलावून तारा बदलल्या. तो कपाळाला हात लावून म्हणाला, मतलब आप लोगों का उल्टा ही सीधा है.

तर आता गाडी चालते. सिग्नल बरोबर, काटा बरोबर, हॉर्न दाबल्यावरच वाजतो. परंतु मी काही ती इंदूरला आणू शकत नाही. सिग्नल सुधारला, मी नाही सुधारलो. स्टिअरिंगला हात लावला की टावर डोळ्यांपुढे फिरायला लागतो. हे सांगायला लाज वाटते, पण तुझ्याशी कसली लाज? तुला यावर जे काही ठरवायचं असेल ते ठरव, फक्त भंगारवाल्याला मी घरी नसताना पाठव.

तुझा भित्रा भाऊ,
गोपाळ

ता.क. सुनंदा विचारते, कैरीच्या लोणच्याची बरणी रिकामी झाली असेल तर पल्लवीबरोबर परत दे.

ता.क. दुसरं. आणखी एक तार होती, हे मी वर लिहिलं नाही. खालच्या टोकाला सुटलेली, वर छताकडे गेलेली, आणि तिच्यावर "सु". मांगीलाल म्हणाला, सुई होगी, किसी काँटे की. मला सुरुंगापलीकडे काही सुचेना, म्हणून तिला हात लावू दिला नाही. आज सकाळी सुनंदाने मला बाजूला केलं आणि तार जोडली. ताई, डाव्या सीटच्या वरचा तो छोटा पिवळा दिवा लागला. ज्याच्या उजेडात तू शेंगा सोलून भाऊजींच्या हातावर ठेवायचीस, तो. अंधार पडला की आमच्या गाडीत दिवा आपोआप लागतो, असं तू सगळ्या नातेवाइकांना सांगत असायचीस ना? आपोआप नव्हता लागत. त्याचं बटण स्टिअरिंगच्या खाली आहे, चालवणाऱ्याच्या गुडघ्यापाशी. सगळ्या गाडीत तेवढ्याच एका बटणावर त्यांनी नाव लिहिलेलं नाही. मी बराच वेळ ते लावत बंद करत बसलो होतो आणि रडत होतो. सुनंदाने आज पाट मागितला नाही, चहा आणून दिला.

ता.क. तिसरं, आणि पत्र खरं तर यासाठीच. खंडेनवमीला सकाळच्या बसने तू नानाखेड्याला उतर. मी गाडी घेऊन येतो. घरापासून तिथपर्यंत दोन उजवी वळणं आहेत, ती मी डोळे उघडे ठेवून घेईन. घरी गाडीची पूजा करू, आणि दुसऱ्या दिवशी तू डाव्या सीटवर बसून मला रस्ता सांग, मराठीत सांग, मग इंदूर काय, तू म्हणशील तिथे नेतो. बसस्टँडवर मला उशीर झाला तर रागावू नकोस, आणि ताटकळत राहू नकोस, समोरच्या चहावाल्याला मी तुझ्यासाठी खुर्ची सांगून ठेवली आहे. भाऊजी तेव्हा गाडीबद्दल बोलत होते हे मला कळतं. तरी मला वाटतं, मी खुर्ची आणायला धावलो ते अगदीच काही चुकलं नव्हतं.