किशनरावांचं घर

पूर्णा,
दि. १० फेब्रुवारी १९७५

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे कालपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

काल रविवार, सुट्टी होती. रेल्वेचा पास हातात, म्हणून न कळवता सकाळच्या गाडीने सेलूला उतरलो. तू सोनपेठला सासुरवाडीला गेल्याचं कळलं. मेव्हण्याच्या लग्नात माझ्या वाटचेही लाडू खाल्ले असशीलच. म्हटलं, निदान आपल्या दोन खोल्या तरी डोळे भरून बघाव्यात. भाडेकरू राहायला येऊन वर्ष झालं आणि मी फिरकलोच नव्हतो. शहाबादी फरशी झकास बसलीय. उन्हाने घसा सुकला होता, म्हणून अंगणातला नळ सोडला.

तेवढ्यात तुझा तो भाडेकरू, कापसाच्या जिनिंगमधला कारकून बन्सीधर, त्याची आई बायनाबाई बाहेर आली. कोण पाहिजे, विचारलं. पंडित गुरुजींचा थोरला भाऊ, असं मी सांगितलं. त्यासरशी ती ओरडलीच की नळाला हात लावू नगा, मी वरून पाणी घालते, ओंजळ करा. वर म्हणाली की आमचे मालक किशनराव लय कडक हायेत, तुमचे गुरुजीबी भाडं न्यायला आले की ओट्याखालीच उभे ऱ्हातेत.

पंडित, कोण हा किशनराव? फंडातून कर्ज काढलं मी, पगारातून हप्ता कापला जातो माझा, नळासाठी नगरपालिकेत खेटे घातलेस तू. मग मालक हा कुठून उपटला? घर परस्पर विकलंस की काय, असा घाणेरडा विचारसुद्धा येऊन गेला. मी नळ बंद केला. तसाच स्टेशनवर आलो आणि फलाटावरच्या नळाला पाणी प्यालो.

उलट टपाली खुलासा कर. मुलांना पापा. तुझ्यावर माया आहेच, पण आज ती लिहायला हात वळत नाही.

तुझा दादा,
सिताराम

---

सेलू,
दि. १४ फेब्रुवारी १९७५

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि पायाखालची जमीन सरकली. घर विकलेलं नाही, तुमच्याच नावावर आहे. किशनराव नावाचा कुणी माणूस नाही. तो मी तयार केला.

खोल्या तयार झाल्या तेव्हा बघायला माणसं आली नाहीत असं नाही. स्टेशनजवळ जागा, घरात मोरी, अंगणात नळ, मागे संडास. सगळ्यांना पसंत पडायचं. मग घर कुणाचं, हा प्रश्न यायचा. मी तुमचं नाव सांगायचो. बायकोला विचारून कळवतो म्हणून जायचा तो माणूस पुन्हा दिसायचा नाही. असे अकरा जण गेले. आपल्यातल्या नोकरदारांना मी विचारलं, पण सेलूत ते बोटावर मोजण्याइतके, आणि त्यांना जागा आहेत. पाच महिने कुलपं होती आणि तिकडे तुमचा पगार कापला जात होता. बारावा आला बन्सीधर. त्याने विचारलं तेव्हा घर परभणीच्या किशनरावांचं आहे, मी फक्त देखरेख करतो, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्याने तिथल्या तिथे आगाऊ भाडं मोजलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खोलीसाठी दवाखान्यातला कंपाउंडर भुजंग आला, त्यालाही तेच सांगितलं.

ओट्याखाली उभं राहायची मला आता सवय झाली आहे. तुम्हाला ते ऐकावं लागलं याची मात्र फार लाज वाटते.

पण दादा, रागावणार नसाल तर एक विचारतो. पूर्णेत तुम्ही नोकरीला लागलात आणि मला शिकायला नेलंत, तेव्हा आपल्याला खोली कशी मिळाली होती? मालकिणीला तुम्ही कोणतं आडनाव सांगितलं होतं? मी दहा वर्षांचा होतो. कुणी भेटलं तर जयभीम म्हणायचं नाही, रामराम म्हणायचं, असं तुम्ही मला रोज शाळेत जाताना बजावायचात. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत धोतराखाली होता. ही विद्या मी दुसऱ्या कुठल्या शाळेत शिकलो नाही.

वहिनींना जयभीम. चुकलो असेन तर कान धरा, पण मला दूर लोटू नका.

तुमचा,
पंडित

---

पूर्णा,
दि. १९ फेब्रुवारी १९७५

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र ड्युटीवर मिळालं. आडनावाचा प्रश्न दोनदा वाचला. मला वाटायचं, तू लहान होतास, विसरला असशील. मी स्वतःच विसरलो होतो, किंवा तसं सोंग आणलं होतं. तुझ्यावर ओरडायला निघालो होतो आणि आता मलाच तोंड लपवायला जागा नाही.

तुझ्या वहिनीला हे काहीच माहीत नव्हतं, कारण लग्नाआधीची गोष्ट. तिला दोन्ही पत्रं वाचून दाखवली. ती एवढंच म्हणाली की माझी बोरमाळ मी घरासाठी मोडली, त्या किशनरावासाठी न्हाई.

तेव्हा आपल्याला डोक्यावर छप्पर नव्हतं, म्हणून मी खोटं बोललो. आता छप्पर आपलं आहे. दोघांनाही खरं सांगून टाक. जातील तर जाऊ देत. हप्त्याची काळजी मला आहेच, खोटं कशाला बोलू, पण जादा ड्युट्या मिळतात, त्या करीन. तू घाबरू नकोस. मागचं सगळं पोटात घाल आणि दादावरची माया पातळ करू नकोस.

तुझा,
दादा

---

सेलू,
दि. ५ मार्च १९७५

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

सांगितलं. एक तारखेला भाडं घ्यायला गेलो तेव्हा दोघांनाही बोलावलं आणि एका दमात सांगून टाकलं की हे घर माझ्या थोरल्या भावाचं आहे. भुजंग तडक आत गेला आणि संध्याकाळी बैलगाडी घेऊन आला. भाडं चुकतं करून गेला. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. बन्सीधरने मात्र मला थक्क केलं.

सोमवारी तो शाळेत आला. म्हणाला की आईची समजूत घातली, आम्ही राहायला तयार आहोत, तुमचा स्वभाव चांगला. मला भरून आलं दादा, मी त्याला चहा मागवणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला की फक्त भाडं पंचवीसचं पंधरा करा. किशनरावांच्या घराला पंचवीस ठीक होते, तुमच्या घराला पंधरा लय झाले. अगदी शांतपणे बोलला, बाजारात वांगी मागावीत तसं.

फरशी तीच, पत्रे तेच, नळही तोच. पंधरा घेतले असते तर तुमच्या हप्त्याला तेवढाच हातभार होता, हेही मनात आलं. तुम्हाला विचारून सांगतो म्हणण्याइतकाही धीर मला राहिला नाही. पंचवीसच, नाहीतर जागा सोडा, असं सांगितलं.

काल त्यांनी खोली सोडली. दोन्ही खोल्या आता रिकाम्या आहेत. या महिन्यात माझ्या पगारातले वीस रुपये पाठवतो, नाही म्हणू नका. वहिनींना सांगा, बोरमाळ पुन्हा व्हायला आता जरा वेळ लागेल.

जाताना बन्सीधरने मागच्या महिन्याचे पंचवीस रुपये पुरे दिले. मी पावती लिहिली आणि मालक म्हणून पहिल्यांदा तुमचं नाव घातलं. त्याने ती वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाला की ऱ्हाऊ द्या गुरुजी, ही कुणाला दाखवता येणार न्हाई.

ती या पत्रासोबत पाठवली आहे.

तुमचा,
पंडित