जिभेच्या सोनोग्राफीची हकीकत

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार (कागदावरच, गुडघा वाकत नाही हे तू जाणतेस). तुझी पाठ आणि भावोजींचा खोकला बरा आहे असं धरून चालतो, कारण नवी काळजी ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

जिभेच्या कडेचा तो चट्टा (तू मध लाव म्हणालीस, लावला, मध उत्तम होता) कर्करोगाचा निघाला हे तुला फोनवर कळलंच. आता ऑपरेशनआधी तो किती खोल गेलाय हे सोनोग्राफीने मोजतात. उथळ असेल तर जिभेचा तुकडा काढून भागतं, खोल असेल तर मानेतल्या गाठीही काढतात. सोनोग्राफी पोटाचीच असते अशी माझी समजूत, म्हणून मी उपाशीपोटी, शर्टाची बटणं सोडून आडवा झालो. डॉक्टरीणबाईंनी बटणं लावायला सांगितली आणि जीभ बाहेर काढायला.

तीस वर्षं चहाच्या कंपनीत चव घेण्याची नोकरी खरं तर ही जीभच करते, मी तिची नुसती ने-आण करतो. पण त्या दिवशी ती भीतीने टाळूला चिकटून बसली. शेवटी बाईंनी ती कापडात धरून ओढली, बोटाएवढ्या यंत्राला रबरी मोजा चढवून जेली फासली आणि मिनिटभर हलू नका म्हणून चट्ट्यावर टेकवलं. आता जिभेवर काही पडलं की आम्हा लोकांना राहवत नाही. मी जीभ सोडवून घेतली, जेली सुर्रकन ओढली, घोळवली, शेजारच्या बेसिनमध्ये थुंकली आणि शेरा दिला, "पानचट. मागून किंचित कडू. दुय्यम प्रत."

बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही हललात तर माझा आकडा चुकेल. आकडा चुकला तर कापणाऱ्याचा हात चुकेल."

मग मी दगड झालो. घाम कानात शिरला तरी हललो नाही. पडद्यावर राखाडी जिभेत एक काळा डाग, आणि बाई त्यावर दोन फुल्या टाकून अंतर मोजत होत्या. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, ताई. आकडा अडीच मिलिमीटर आला, म्हणजे उथळच. तेव्हा काळजी नसावी.

तुझा धाकटा

ता. क. ऑपरेशन मंगळवारी आहे.

आणखी एक ता. क. अडीच नाही, नऊ. मानही उघडणार आहेत, आणि जीभ किती उरेल ते नंतरच कळेल. तुझ्या भावजयीला मी अडीचच सांगितलंय, त्या भरवशावर तिला झोप लागते. मंगळवारनंतर मला बोलता येणार नाही, आणि त्याआधी बोलायची हिंमत नाही. तू सोमवारी ये आणि तिला सांग. मी शेजारच्या खोलीत असेन. ती रडली तर मला हाक मार.