चाटायच्या आधी उचललेलं कोकरू

१२ मार्च

उशीर झाला लिहायला, राग मानू नकोस कागदा. हान्दमा शहरात गेली त्या दिवसापासून लिहायचं म्हणतोय. निघताना ती म्हणाली होती, "तुमच्या काळज्या रोज फोनवर नका ऐकवू मला. लिहून ठेवा. चार इयत्ता शिकलात, त्या कधी उपयोगी पडायच्या?" पण मेंढ्या व्यायला लागल्या आणि हाताला उसंत नाही. आज बसलो.

आमच्या उयांगाला मुलगी झाली. बाळंतपण नीट झालं, बाळ धडधाकट आहे. पण उयांगा तिला जवळ घेत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते म्हणे. जावई खाणीवर, घरी क्वचित. म्हणून माझी बायको हान्दमा तिकडे शहरात, आणि मी इथे कळपापाशी.

लेक अशी का करते? मला काही सुचत नाही. आमच्या खाऱ्या चहात आज मीठही दोनदा घातलं.

१३ मार्च

वारा पडला. दुपारभर कोवळं ऊन. मेंढ्या वाडग्याच्या भिंतीला टेकून बसल्या, अर्धे डोळे मिटून, रवंथ चालू. मेंढी झोपली की जागी आहे, हे इतकी वर्षं बघूनही मला सांगता यायचं नाही. जबडा हलत असतो, कान हलत असतो, आणि ती मात्र कुठेतरी लांब गेलेली असते.

कोकरांचं तसं नाही. ती झोपतात म्हणजे अगदी सांडून जातात. एकाच्या पाठीवर दुसऱ्याची मान, तिसऱ्याचे पाय कुणाच्या तरी पोटाखाली. झोपेत ओठ हलतात, चुटूचुटू. स्वप्नात पितात. बघता बघता माझीही मान पडली. वाटलं, सगळा डोंगर श्वास घेतोय, वर खाली, वर खाली, आणि मी त्याच्या लोकरीत बसलोय.

उठलो तेव्हा चूल विझलेली. उयांगाला झोप लागते का, हे हान्दमाला विचारायचं राहिलं.

१५ मार्च

चूक केली. मोठी.

सकाळी पुन्हा धुळीचं वारं सुटलं आणि त्यातच तपकिरी मेंढी व्याली. पहिलटकरीण. कोकरू ओलं, थरथरत होतं. मला बघवेना. तिनं जेमतेम एकदा जीभ लावली असेल, तेवढ्यात मी ते उचललं, अंगरख्याच्या आत घातलं आणि तंबूत आणलं. माझ्याच बाहीनं पुसलं. चुलीपाशी लोकरीच्या नमद्यावर ठेवलं. त्याच्या शेजारी मीही आडवा झालो. त्याचं पोट माझ्या हाताखाली गरम होत गेलं. फार छान वाटलं, खोटं कशाला लिहू.

दोघंही झोपलो. जाग आली तेव्हा कोकरू कोरडं, मऊ, आणि त्याला वास येत होता धुराचा नि मी ओढतो त्या तपकिरीचा. बाहेर नेऊन आईपुढं ठेवलं. तिनं हुंगलं, मागं सरली. मग ढुशी मारली.

हान्दमा असती तर माझ्या हातावर चापट बसली असती. आईनं चाटून होईपर्यंत कोकराला हात लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं इथे.

१६ मार्च

दुसऱ्या मेंढीचा चीक काढून बाटलीनं पाजला. प्यायलं. त्याची आई तिकडे तोंड करून चरत होती. एकदा वळून बघेल म्हणून मी थांबलो. नाही बघितलं.

१७ मार्च

सेवजिद आली. टेकडीपलीकडची, माझ्याहून मोठी, पण अजून मोटरसायकल हाकते. तिनं मेंढी बघितली, कोकराचं डोकं हुंगलं आणि माझ्याकडे वळली.

"भावजी, हे कोकरू तुम्ही व्यालात का? सगळा तुमचाच वास येतोय."

"थंडी होती," मी म्हटलं.

"थंडी काय आज पहिल्यांदा पडली? आणि रात्री ठेवता कुठं याला?"

"तंबूत. माझ्यापाशी. ती मारते त्याला."

"मारू दे! तुमच्या अंथरुणात ठेवलंत की तिच्या लेखी ते संपलं. मेंढीचं मन नाकात असतं. नाकासमोरून गेलं, विसरली. एकाच आडोशाला ठेवा दोघांना. ढुशी मारेल, लाथ मारेल, पण समोर तर असेल. तिचंच दूध काढून त्याच्या पाठीला चोळा, वर मीठ लावा. आणि गा."

"मी?"

"मग काय एडका गाईल?"

रुसलेल्या मेंढीला पिलाकडे वळवायचं गाणं हान्दमाचं काम. "तोइग, तोइग" एवढेच शब्द, तेच परत परत, पण तिच्या गळ्यात ते पाण्यासारखं चालतं. माझा आवाज म्हणजे वाडग्याचं फाटक.

निघताना मी सेवजिदला उयांगाचं सांगितलं. ती बराच वेळ हातमोजे घालत राहिली. म्हणाली, "बाळ इकडे आणा सरळ. माझी दोन नातवंडं मीच नाही का वाढवली? आजीआजोबांकडे राहिलेलं पोर काही वाया जात नाही."

तेव्हापासून डोक्यात तेच.

१८ मार्च

टेकडीवर जाऊन फोन लावला. हान्दमा हळू बोलत होती, म्हणजे उयांगा जवळच असणार.

"बाळाला घेते का?" मी विचारलं.

"नाही. मी बाटलीनं पाजते. उयांगा नुसती बघते, मग डोळे मिटते. दवाखान्यातली बाई म्हणाली, होतं असं एखादीला, धीर धरा, तिला एकटी सोडू नका."

"झोपते का ती?"

"डोळे मिटलेले असतात. झोपते की नाही, देवाला ठाऊक. तुम्ही जेवता का?"

जेवतो म्हटलं. बाळाचं रडणं ऐकू आलं. कोकरासारखंच, पण बारीक.

२० मार्च

गातो आहे. मेंढीला खुंट्याला आखूड बांधलं, कोकरू समोर. आडोशात तिघंच. आधी लाज वाटली. मग वाऱ्यात आवाज कुठे गेला, मलाच कळेना, तेव्हा लाजही गेली. "तोइग, तोइग." कधी गातो, कधी नुसता पुटपुटतो. उन्हात धूळ तरंगत असते. मेंढीच्या डोळ्यात आडवी काळी फट, तिच्यात मी आणि आभाळ, दोन्ही इवलेसे.

मध्येच डोळा लागला. स्वप्नात हान्दमा दारातून आत आली, हातात गाठोडं. चुलीपाशी ठेवलं. आत नात होती, कोरडी, मऊ. मी तिच्या शेजारी आडवा झालो.

जागा झालो तरी गातच होतो.

२१ मार्च

ढुशी. पण आज हळू.

२३ मार्च

प्यायलं!

दुपार उतरत होती. कळप रानातून परतत होता, वाडग्यातली कोकरं एकदम उठली, सगळ्यांचं बें बें सुरू झालं. तशात तपकिरी मेंढीनं मान वळवली आणि कोकराची पाठ चाटली. मिठासाठी असेल. परत चाटली. मग शेपटीपाशी हुंगलं आणि घशातल्या घशात गुरगुरली, ज्या आवाजात त्या फक्त आपल्या पिलाशी बोलतात. कोकरू कासेखाली शिरलं. शेपटी अशी हलत होती की जणू तीच दूध ओढतेय.

मी हललो नाही. गाणं थांबवायचं भान मात्र राहिलं नाही. अंधार पडला तेव्हा पायाला मुंग्या आलेल्या.

२४ मार्च

हान्दमाचा निरोप आला, सेवजिदनं आणला. तालुक्याच्या गावात सेवजिदला हान्दमाचा फोन आला होता.

"बाळाला घेऊन येते. उयांगाच म्हणाली, न्या हिला, माझ्याच्यानं होत नाही. तिला निदान झोप तरी मिळेल."

मी सेवजिदला बसवून दोन वाट्या चहा पाजला. ती हसली, "भावजी, तोंड तर बघा, लग्न ठरल्यासारखं." अडगळीतून पाळणा काढला. उयांगाचाच. धूळ झटकली. चुलीच्या कुठल्या बाजूला ठेवावा? धूर लागेल का? डाव्या बाजूला ठेवला. मग उजव्या. शेजारी माझा नमदा अंथरला आणि पडून बघितलं, हात पुरतो का.

पुरतो.

पण झोप येईना.

२५ मार्च

टेकडीवर फोन कधी लागतो, कधी नाही; सकाळी लागेना. सेवजिद तालुक्याच्या गावाला निघाली होती. चालू मोटरसायकलीपुढे उभा राहिलो. म्हटलं, हान्दमाला फोन करा आणि माझेच शब्द सांगा: बाळाला एकटं आणू नकोस. उचलू नकोस उयांगापुढून. आणायचं तर दोघींना आण, उयांगा इथेही तोंड फिरवून पडली तरी चालेल. तिला प्रवास जमत नसेल तर तिघी तिथेच थांबा, मी कळप सेवजिदच्या स्वाधीन करून येतो. होय, व्यायच्या दिवसांत. सेवजिद म्हणाली, "भावजी, शुद्धीत आहात ना?" आहे.

मी टेकडीवर बसलोय, फोन हातात. काय ते लवकर कळव, हान्दमा.